शेंदूर लावलेला डायनॅमो

माझ्या नातवंडांनो,

तुमच्यातल्या थोरल्याने जुनी मोटार विकत घेतली आहे आणि दर रविवारी तो तिच्याखाली उताणा पडलेला असतो, असं पत्रातून कळलं. तारांचा सगळा जुडगा खोक्यात बांधून घरपोच आला, प्रत्येक तारेला चिठ्ठी डकवलेली होती, असंही त्याने लिहिलंय. छान झालं. पण "आजी, तुला यातलं काही कळायचं नाही" हे वाक्य त्याने लिहायला नको होतं. ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते, आणि ज्यांनी ऐकवलं त्यांच्या गाडीचा बंद पडलेला भोंगा मी तासाभरात वाजवून दाखवला होता. या अंकाच्या संपादकांनी आठवणी मागितल्या तेव्हा ठरवलं की उत्तर इथेच द्यावं. पत्र एकाला पोचतं, दिवाळी अंक चारचौघं वाचतात, आणि नातवाचा कान धरायचा तर चारचौघांत धरलेला बरा.

तर ऐका. बीड तेव्हा निजामाच्या मुलखात होतं. कचेरीत उर्दू, बाजारात मराठी आणि मोटारीच्या पुस्तकात इंग्रजी. तुमच्या आजोबांनी पेठेच्या तोंडाशी पत्र्याची शेड उभारून मोटारदुरुस्ती सुरू केली होती. त्यांच्या हातात कसब होतं, पण इंग्रजी नव्हतं. मी नगरला मिशनच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेली. दुपारची जेवणं उरकली की मी पुस्तक वाचून मराठीत सांगायची आणि ते करायचे. सांगता सांगता मी बोट दाखवू लागले, बोट दाखवता दाखवता पकड हातात घेऊ लागले. त्यांना त्याचं कौतुक होतं. म्हणायचे, "तू वाचतेस तेव्हा तार मला दिसत नाही, तुला दिसते. मग तूच जोड."

विषमज्वराने ते गेले तेव्हा तुमचे वडील चार वर्षांचे होते. नगरहून दिरांचं पत्र आलं : शेड विकून टाका, इकडे या, स्वयंपाकघरात दोन हात वाढतील. मी कार्डावर एका ओळीचं उत्तर धाडलं : शेड चालू आहे.

शेडमध्ये आता आम्ही दोघं होतो. मी आणि उस्मानभाई. उस्मानभाई तुमच्या आजोबांच्या हाताखाली पहिल्यापासून काम करणारे, पांढऱ्या दाढीचे, इंजिनाचा आवाज ऐकून कुठला बोल्ट ढिला आहे ते सांगणारे. आमची वाटणी त्यांनीच करून टाकली होती. गिऱ्हाइकाला सांगायचे, "इंजन मेरा, बिजली बाई की. बिजली का सवाल मेरे कू नक्को पूछो."

आता ही मोटारीतली वीज म्हणजे काय, ते ज्यांनी बॉनेट उघडून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डायनॅमो म्हणजे मोट आणि बॅटरी म्हणजे हौद. इंजिन फिरतं तोवर मोट पाणी ओढते, हौद भरतो. मध्ये कटआउट नावाची डबी असते, ती म्हणजे झडप. मोट थांबली की हौदातलं पाणी उलटं विहिरीत जाऊ नये म्हणून ती आपोआप मिटते. हौदातून दिव्याला, भोंग्याला आणि ठिणगीला पाट काढलेले असतात, त्या तारा. एक गोष्ट मात्र पाण्यासारखी नाही. वीज गेली की तिला परत यावं लागतं. जाताना ती तारेतून जाते आणि येताना गाडीच्या लोखंडातून येते. म्हणून जिथे लोखंडाला लोखंड टेकतं तिथे ते उघडं, स्वच्छ हवं. मध्ये रंग, गंज किंवा चिखल आला की वीज वाटेतच अडते. जुन्या गाडीची निम्मी दुखणी इथली असतात. उरलेली निम्मी उंदरांची.

सुटे भाग नगरहून यायचे, म्हणजे ब्रिटिश हद्दीतून निजामाच्या हद्दीत. मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. एकदा तिथल्या कारकुनाने माझं तारेचं भेंडोळं आणि दोन कटआउट चार दिवस अडकवून ठेवले. त्याच्या मते ते तारघराचं सामान होतं, खासगी माणसाला बाळगायची मनाई. मी तांगा करून गेले, त्याच्या स्टुलावर बसले आणि डबीचं झाकण काढून झडप उघडमिट करून दाखवली. तो बघत राहिला. मग म्हणाला, "आप किसी मेमसाब के यहां नौकर हैं?"

"नाही," मी म्हटलं, "मेमसाहेबांची गाडी माझ्याकडे येते."

सामान सुटलं. हे शौर्य म्हणून सांगत नाही. रोज असंच कुठे ना कुठे झाकण काढून दाखवावं लागायचं, एवढंच.

ज्या गाडीबद्दल मला खरं सांगायचंय ती नेकनूरच्या पलीकडच्या एका गावातली. गावाचं नाव लिहीत नाही. त्या देशमुखांना आपण आबासाहेब म्हणू. वडिलांच्या काळातली त्यांची अमेरिकन मोटार नऊ वर्षं गोठ्यात, कडब्याच्या गंजीशेजारी उभी होती. आता थोरल्या मुलीचं, कमळचं, लग्न ठरलं होतं. लग्न लागलं की नवरानवरीने गणपतीच्या दर्शनाला लिंबागणेशला जायचं, आणि ते मोटारीतून, असं आबासाहेबांनी सोयऱ्यांना कबूल करून टाकलं होतं. मोटार आधी चालते का, हे त्यांनी नंतर पाहिलं.

आम्ही गेलो. उस्मानभाईंनी इंजिनाचा हँडल फिरवून पाहिला. "जान है," म्हणाले. मी बॉनेटची दुसरी बाजू उघडली आणि हात जोडून उभी राहिले. दुसरं काही सुचेचना.

डायनॅमो बसका, गोल, डोकं पुढे काढलेला असतो. गावातल्या पारावरचा दगडी मारुती बघा, तसाच. गाडी चालो न चालो, त्या घरात खंडेनवमीला तिची पूजा चुकली नव्हती, आणि हा मारुतीच आहे अशी सगळ्यांची समजूत झाल्यामुळे नऊ वर्षं त्याला तेलात कालवलेला शेंदूर फासला जात होता. बोटभर जाडीचा थर. डोळेही लावलेले. नारळ फोडून पाणी शेजारच्या ठिणगीच्या डबीवर, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरवर, सोडत. आत हिरवा गंज. तारांचं सुती वेष्टण उंदरांनी घरट्याला नेलेलं.

शेंदूर काढल्याशिवाय काही होणार नव्हतं. डायनॅमो ज्या लोखंडी पट्ट्यावर बसतो त्या पट्ट्यातही तो मुरला होता. वीज परतणार कुठून? पण काढायचा कसा? आबासाहेबांच्या आई, माई, गोठ्याच्या दारात येऊन बसल्या होत्या. विधवेच्या लाल आलवणातली, काठीसारखी ताठ बाई. पूजा त्यांचीच.

मी म्हटलं, "माई, हा शेंदूर उतरवावा लागेल."

"देवाचं वस्त्र वढतीस व्हय गं?"

"मी नाही ओढत. मारुती आपली शेंदराची खोळ आपणच टाकतो ना, बारा-पंधरा वर्षांनी? ह्याची भरली आहे. टाकू दे त्याला."

माईंनी डायनॅमोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "लई शिकलीस गं," म्हणाल्या. मग आत हाक मारली, "कमळे, तांब्याचं तबक आण. भुईला सांडू नगंस, नदीत सोडायचं हाय."

मी खरवडत होते आणि कमळ तबक धरून होती. सोळा वर्षांची असेल. शेंदराखालून डायनॅमोचं निळसर लोखंड निघालं तशी हळूच म्हणाली, "बाई, आत मारुती न्हाईच की."

"आत तांब्याची तार आहे. फिरली की वीज होते."

"मंग फिरवा की."

पुढचे अकरा दिवस ती माझ्याजवळून हलली नाही. मी रोज नेकनूरपर्यंत लॉरीने आणि पुढे त्यांच्या बैलगाडीने जायची. कुठली जुनी तार कुठून निघाली ते वहीत लिहून, आकडा घातलेली चिंधी बांधून मगच ती सोडायची, ही माझी पद्धत. काढताना घाई केली की बसवताना रडावं लागतं. चिंध्या कमळने बांधल्या. एकोणीस तारा निघाल्या. नव्या तारांना मी सुती फीत गुंडाळली आणि वर लाखेचा हात दिला. ही लाख बांगड्या करणाऱ्यांच्या आळीतून आणायची, चपडी लाख, आणि स्पिरिटात विरघळवायची. पावसाळा तिला काही करत नाही. डायनॅमोतले कोळशाचे ब्रश झिजून नखाएवढे उरले होते. त्या मापाचे मिळेनात. सरकी काढायच्या कारखान्यातून मोठे ब्रश मागून आणले आणि माईंच्या सहाणेवर पाणी न घालता घासून मापाला उतरवले. कटआउटही माझ्याकडचं नवं बसवलं.

माई म्हणाल्या, "माझ्या सानंवर काय काळं उगाळतीस?"

"मारुतीचं गंध."

हसल्या त्या. नंतर ती सहाण त्यांना तीनदा धुवावी लागली असणार.

बाराव्या दिवशी बॅटरी जोडली. भोंग्याचं बटण कमळने दाबलं. गोठ्यातल्या म्हशींनी दावी तोडली आणि कमळ हसत हसत खाली बसली. मग उस्मानभाईंनी हँडल मारला. इंजिन लागलं, मी डोळे चार्जिंगच्या काट्यावर लावले. काटा थरथरला आणि उजवीकडे सरकला. हौद भरू लागला होता. उस्मानभाई ओरडले, "हौ! चढ गई!" आबासाहेबांनी त्याच गाडीतून वेशीपर्यंत फेरी मारली, परत आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, मानलं तुमास्नी. लग्नाला यायचं. गाडी तुमच्या हवाली."

मी आणि उस्मानभाई, दोघंही गेलो. लग्न सकाळी लागलं. मी मांडवाबाहेर, गाडीशी होते. जेवणावळी उठल्या, बॉनेटला झेंडूच्या माळा चढल्या. तेवढ्यात आबासाहेबांचे धाकटे भाऊ नानासाहेब आणि त्यांच्यामागून भटजी आले. भटजींच्या हातात तांब्या आणि दर्भ. मागे आबासाहेब, मान खाली.

नानासाहेब म्हणाले, "बाई, जरा बाजूला सरा. गाडीची शुद्धी करायची हाय."

"कावून?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"आता काय बोलायचं... सोयरे इचारायलेत, गाडी कुणी नीट केली म्हून. मंगल काम हाय. इधवेचा हात लागलेल्या तारा. भटजी म्हणतेत, आत गोमूत्र शिंपडलं की झालं."

"आत म्हणजे कुठे?"

"जितं जितं तुमचा हात लागला तितं."

म्हणजे कटआउटवर, डिस्ट्रिब्यूटरमध्ये, बॅटरीच्या खुंट्यांवर. गोमूत्रात खार असतो. नारळपाण्याने नऊ वर्षांत जे केलं ते याने लिंबागणेशच्या अलीकडेच झालं असतं. मी म्हटलं, "नानासाहेब, बाहेरून पत्र्यावर हवं तेवढं शिंपडा. आत एक थेंब गेला तर गाडी वाटेत उभी राहील, आणि नवरीला पायी आणावं लागेल."

हे त्यांना पटलं. भटजींनाही पटलेलं दिसलं. मग नानासाहेबांनी दुसरी तोड काढली. "मंग असं करू. सारं उस्मानभाईनं केलं म्हून सांगू. तुमी तेवढं आतल्या अंगणात बसा, सोयरे जाईपतूर. काय उस्मानभाई?"

उस्मानभाई हात पुसत होते. पुसतच राहिले. म्हणाले, "इंजन मेरा, बिजली बाई की. शादी के दिन झूठ नक्को बुलाव साब."

तुम्हाला वाटेल, एवढंच तर होतं. तासभर आत बसायचं. पण मुलांनो, मी काय पणाला लावून उभी होते ते समजून घ्या. त्या मांडवात जिल्ह्यातले सगळे मोटारवाले होते. पंधरा-वीस गाड्या, सगळ्या जमीनदारांच्या. विधवेचा हात लागला तर गाडी शुद्ध करावी लागते, हे तिथे एकदा ठरलं असतं तर माझ्या शेडला त्याच दिवशी कुलूप लागलं असतं. आणि काम उस्मानभाईंचं म्हणून सांगितलं असतं तरी तेच. मग मला नगरला दिरांच्या चुलीपुढे बसण्यावाचून गत नव्हती.

मी आबासाहेबांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

ते म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या हायत. येळ सांभाळून घ्या."

"शेंदूर काढताना माझा हात चालला. देवाचं वस्त्र उतरवताना चालला. आता चालत नाही."

ते नानासाहेबांकडे बघू लागले.

"मग तो हात मी परत नेते," मी म्हटलं. "नव्या सामानाची पै मी अजून घेतलेली नाही. गाडी तुमची, ती राहू द्या. जुन्या तारा चिंध्या बांधून गोठ्यात ठेवल्या आहेत, त्याही तुमच्याच."

मी वही काढली. बसवलेलं उतरवायचं तर शेवटचं आधी आणि पहिलं शेवटी, असा नियम आहे. बॅटरीची तार सोडली. मग भोंग्याची, दिव्यांच्या दोन, ठिणगीची. झेंडूच्या माळा बाजूला सारून एकेक तार मोजून चादरीवर ओळीने मांडत गेले. कुणी मला अडवलं नाही. अडवायचं तर हात धरावा लागला असता, आणि माझाच हात तर त्यांना लावायचा नव्हता. वऱ्हाडी भोवती जमले. कुणी म्हणालं, "बाई हाय का कोण हाय!" कुणी म्हणालं, "आरं, खरंच सारं हिनंच बशिवलं व्हतं की." ब्रश काढायला मात्र मी थोडा जास्त वेळ घेतला. नानासाहेब बघत होते म्हणून.

एकोणीस तारा, दोन ब्रश, एक कटआउट. चादरीची मोट बांधून उठले तेव्हा वर पाहिलं. माडीच्या खिडकीत मुंडावळ्या बांधलेली कमळ उभी होती. मी मोट उचलून निघाले. 

ती लिंबागणेशला बैलांच्या दमणीतून गेली. माझ्या या साऱ्या उठाठेवीत एकच गोष्ट मला अजून बोचते. चिंध्या तिने बांधल्या होत्या, काटा सरकला तेव्हा माझ्याइतकीच ती हरखली होती. भांडण तिच्या बाप-चुलत्याशी होतं आणि मोडला तो तिचा प्रवास. तिला मी विचारलं नाही. पुढे ती शंभरदा मोटारीत बसली असेल, पण तो दिवस तिचा होता आणि मी तो माझ्यासाठी वापरला. याची मला लाज वाटते. तरीही तशीच वेळ आली तर तसंच करीन. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे तुम्हाला माझ्या वयाला येईपर्यंत कळेल.

पुढचे तीन आठवडे शेडकडे एकही जमीनदार फिरकला नाही. टपालाची लॉरी आणि दवाखान्याची मोटार तेवढ्या यायच्या. त्यांना मुहूर्त लागत नसे. एकदा दुपारी उस्मानभाई म्हणाले, "बाई, घंटाभर अंदर बैठ जाते तो क्या बिगडता?" मी तार सोलत राहिले. त्यांनी स्वतःच मान हलवली. "नहीं. फिर उठने कू नहीं होता."

मधल्या काळात आबासाहेबांनी जालन्याहून एक मिस्त्री आणला, असं कानावर आलं. त्याने चिंध्या बांधलेल्या जुन्या तारा बसवायचा खटाटोप केला आणि दिव्याचं बटण दाबताच आसनातून धूर निघाला. तो दुसऱ्या दिवशी परत गेला. हेही ऐकलं की माईंनी लेकाशी बोलणं सोडलंय. एकदाच बोलल्या म्हणे : "ह्या घरातलं तूप माझ्या हातचं. ते होमाला चालतंय, न्हवं? मंग माझ्याबी हातावर शिंपड गोमूत्र."

चौथ्या आठवड्याच्या बाजारच्या दिवशी, भर सकाळी, पेठेत गलका झाला. मी लॉरीखालून डोकं बाहेर काढलं. दोन बैल देशमुखांची मोटार ओढत आणत होते. सुकाणूवर गडी होता आणि पुढे, बैलांच्या शेजारून, आबासाहेब पायी चालत होते. गडी एकटा धाडता आला असता. त्यांनी तसं केलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

मोटार शेडपुढे थांबली. बाजार थांबला.

"बाई," आबासाहेब म्हणाले, "तारा बशिवायच्या हायत."

"कुणाच्या हातानं?"

त्यांनी मागे पाहिलं. भाजीवाल्या, बांगड्या विकणारे मण्यार, कचेरीतले दोन चपराशी, सगळे उभे होते. मग त्यांनी पागोटं सारखं केलं आणि मागच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुमच्याच हातानं. आन् वर काय शिंपडायचं न्हाई."

उस्मानभाई हसत बैलांची जुंपणी सोडायला निघाले. मोटार आत घ्यायला त्यांनी लॉरीवर थाप मारून मला बाजूला व्हायची खूण केली.

"लॉरी हलणार नाही, उस्मानभाई," मी म्हटलं. "आबासाहेब, हिचं काम चालू आहे, हिच्यामागे दवाखान्याची मोटार आहे. तिसरा नंबर तुमचा. बैल सावलीला बांधा आणि बसा."

ते बसले.